बाजाराच्या दिवशीचा रंग

जगातल्या कुठल्याही प्रश्नाचं उत्तर सापडतं, फक्त त्याआधी चुकलेली उत्तरं पोत्याने जमवावी लागतात, असं मनापासून मानणारा एकच माणूस मी आयुष्यात पाहिला आणि तो नेमका माझ्या थोरल्या बहिणीचा नवरा निघाला. इतर लोक आपल्या चुका लपवतात. आमचे भावोजी त्या खिळ्याला टांगून ठेवत. मुरबाडच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका रंगाच्या कारखान्यात ते केमिस्ट होते, राहायला शहापूरला. छपराच्या पत्र्यासाठी आपल्याकडच्या पावसात टिकेल असा रंग बनवायचा, हे त्यांचं काम आणि तोच त्यांचा ध्यास. वीतभर पत्र्याच्या तुकड्यांवर नवनवे रंग लावायचे, ते मिठाच्या पाण्यात बुडवायचे, पावसात टांगायचे आणि गणपती गेले की कुणाला फोड आले, कुणाची सालं निघाली ते बघायचं. नापास झालेला प्रत्येक तुकडा ते स्कूटरला बांधून घरी आणत. पास झालेला तुकडा आमच्यापैकी कुणी पाहिला नव्हता. ताईने त्या तुकड्यांनी पाण्याचे हंडे झाकले, परसातलं कुंपण केलं, कोंबड्यांचं खुराडं शाकारलं. "लोकांचे नवरे बक्षिसं घेऊन घरी येतात," ती म्हणायची, "माझ्या नवऱ्याचे नापास पेपर मी कोंबड्यांवर घातलेत." भावोजी यावर अजिबात रागावत नसत. उलट खुराड्याजवळ उकिडवे बसून कुठल्या तुकड्याला आणखी गंज चढला ते तासभर बघत, आणि आत अंड्यावर बसलेली कोंबडी त्यांच्याकडे संशयाने बघत राही.

उभं आयुष्य थिनरच्या वाफेत काढल्यामुळे भावोजींचं नाक मात्र कामातून गेलं होतं. त्यांना वास म्हणून कसला येत नसे. एकदा ताई त्यांना दुधावर लक्ष ठेवायला सांगून शेजारी हळदीकुंकवाला गेली. थोड्या वेळाने करपल्याचा वास सगळ्या आळीत पसरला आणि बायका तबक तसंच टाकून धावत आल्या. भावोजी शेगडीसमोर पाट टाकून, पातेल्यावर नजर रोखून बसले होते. "उतू गेलेलं नाही," त्यांनी सगळ्यांना धीर दिला, "मी पहिल्यापासून इथेच आहे." दूध करपलंय हे सांगितल्यावर त्यांचा चेहरा खुलला. किती आच होती, भांडं कुठल्या धातूचं होतं, दुधात पाणी किती होतं, असे प्रश्न ते ताईला विचारू लागले. ताई त्या वेळी त्यांना काय म्हणाली ते छापण्यासारखं नाही.

प्रश्न विचारणं हा त्यांचा श्वास होता. त्यांच्याकडे जेवायला जाणं म्हणजे तोंडी परीक्षेला बसणं. माझं लग्न झाल्यावर आम्ही दोघं पहिल्यांदा त्यांच्याकडे जेवलो, तेव्हा माझी बायको लाजत लाजत म्हणाली, "आमटी छान झालीय."

"छान म्हणजे दहापैकी किती?" भावोजींनी विचारलं.

तिने घाबरून "नऊ" म्हटलं. मग एक मार्क कशाचा कापला, मिठाचा की कोकमाचा, याची चौकशी सुरू झाली आणि स्वयंपाकघरातून ताईही उत्तर ऐकायला दारात येऊन उभी राहिली. माझ्या बायकोने त्या घरात परत कधी कशालाही दहाच्या खाली मार्क दिले नाहीत, त्यामुळे भावोजी तिचं मत मोजेनासे झाले.

अशा माणसाच्या हाती कॉम्प्युटर लागला. नव्वदच्या दशकात शेठने कारखान्यात हिशेबासाठी एक कॉम्प्युटर आणला होता. हिशेबाच्या कारकुनाने त्याला पहिल्या दिवशी हळदकुंकू वाहिलं, वर प्लॅस्टिक घातलं आणि पुन्हा हात लावला नाही. भावोजींनी तो उचलून आपल्या लॅबमध्ये नेला. मुंबईच्या फुटपाथवरून त्यांनी कृत्रिम बुद्धिमत्तेवरचं एक जाडजूड इंग्रजी पुस्तक आणलं होतं. त्यात बघून बघून, एका बोटाने टाइप करत, त्यांनी एक प्रोग्रॅम उभा केला. हे नक्की काय आहे असं मी विचारलं तेव्हा त्यांनी मला ओट्यावर बसवलं आणि शेंगा सोलता सोलता समजावलं.

"हे बघ, रंगात काय असतं? राळ, तेल, भुकटी, थिनर, वाळवायचं औषध. यातलं एकेक थोडं कमी, थोडं जास्त करत गेलो तर किती रंग होतील?"

"पुष्कळ," मी म्हणालो.

"माझा जन्म पुरणार नाही इतके. आणि एक रंग चांगला की वाईट हे कळायला एक पावसाळा जातो. म्हणून मी याला आजवरचे सगळे नापास रंग शिकवणार. कशात काय होतं आणि कसा उडाला. शिकून शिकून याची नजर तयार झाली की न केलेल्या रंगाबद्दलही हा अंदाज सांगेल. मग शंभर करायची गरज नाही. हा म्हणेल तेवढेच चार करायचे."

ते त्याला 'विद्यार्थी' म्हणत. आमचा विद्यार्थी अजून दुसरीत आहे, यंदा चौथीत गेला, काल फार हुडपणा केला, असं त्यांचं चाले. त्यांना स्वतःला मूलबाळ नव्हतं, त्यामुळे सापगावच्या पुलावर भेटलेल्या एका नवख्या माणसाने भावोजींना "कितवीत आहे तुमचा मुलगा?" असं विचारल्याचं आणि भावोजींनी अभिमानाने "पाचवीत, पण गणित पक्कं आहे" असं सांगितल्याचं ऐकून ताई पोट धरून हसली होती, आणि मग उठून कोंबड्यांना दाणे टाकायला गेली होती.

विद्यार्थ्याची कीर्ती पसरायला वेळ लागला नाही. एका रविवारी खर्डीकडचा एक माणूस टोपी हातात घेऊन ताईच्या दारात उभा राहिला. त्याची म्हैस हरवली होती आणि भावोजींकडे सगळं सांगणारं यंत्र आहे असं त्याच्या कानावर आलं होतं.

भावोजींनी त्याला हाकलून दिलं नाही. त्यांनी त्याला खुर्ची दिली, चहा दिला आणि गंभीरपणे विचारलं, "याआधी तुमच्या किती म्हशी हरवल्या होत्या?"

"येकच म्हस हाय आमची," तो म्हणाला.

"ती याआधी हरवली होती का?"

"नाय. पयल्यांदाच गेली."

"मग त्याला शिकवायचं कशावर?" भावोजी हळहळले. "निदान पाच-पन्नास म्हशी तरी हरवायला हव्या होत्या."

तो माणूस टोपी डोक्यावर घालून उठून गेला. पुढच्या रविवारी तो काकड्यांची पाटी घेऊन हजर. म्हैस मेहुण्याच्या भाताच्या आवणात सापडली होती. "तुमी पन्नास म्हशी बोल्लात तवा मला वाटलं, बरं झालं माझी येकच गेली," तो म्हणाला, "मंग जीव थाऱ्यावर आला आन् नीट शोधली." भावोजींना हा विद्यार्थ्याचा विजय वाटला नाही, पण काकड्या त्यांनी ठेवून घेतल्या.

ताईच्या आमटीवरही विद्यार्थ्याची तालीम झाली. पाहुण्यांनी दिलेले सगळे मार्क भरून भावोजींनी त्याला सर्वोत्तम आमटी विचारली. त्याने जी कृती सांगितली तिच्यात कोकम होतं, गूळ होता, खोबरं होतं, पण डाळ अजिबात नव्हती. भावोजींनी ती हट्टाने करायला लावली. ताईने केली, वाढली आणि पदर खोचून समोर बसली. भावोजी पूर्ण वाटी प्यायले. "दहापैकी?" ताईने विचारलं. भावोजी म्हणाले, "त्याला अजून डाळीचं महत्त्व समजलेलं नाही."

हे सगळं हसण्यावारी चाललं होतं, तोवर शेठचा निरोप आला. शेठ मुंबईचे. दरवर्षी गणपतीनंतर ते गाडीने मुरबाडला यायचे, नापास तुकड्यांच्या रांगेपुढून राउंड मारायचे आणि "अगले साल" म्हणून जायचे. या खेपेस ते 'अगले साल' म्हणाले नाहीत. पुढच्या गणपतीपर्यंत छपराचा रंग उभा राहिला नाही तर मुरबाडची लॅब बंद, असं त्यांनी सांगून टाकलं. त्या दिवशी भावोजी घरी आले ते एकही प्रश्न न विचारता जेवले. ताईने मला वाशिंदला फोन केला. "यांनी आज भातात खडा लागला तरी कुठल्या जातीचा तांदूळ विचारलं नाही रे," ती म्हणाली, "मला भीती वाटते." त्या लॅबशिवाय भावोजी ही कल्पनाच आम्हाला करवत नव्हती.

मग भावोजींनी विद्यार्थ्याला दहावीला बसवल्यासारखं कोंडून शिकवायला घेतलं. कारखान्यात सापडेल ती माहिती त्यांनी त्याला घातली. कुठल्या रंगात काय होतं हे तर होतंच, शिवाय त्या दिवशी हवा दमट होती की कोरडी, रंग कोणी ढवळला, वार कोणता, इतकंच काय, स्वतः भावोजींचा मूड कसा होता हेही त्यांनी आठवून आठवून भरलं. "काय उपयोगी पडेल ते आपण आधी कशाला ठरवा?" हे त्यांचं म्हणणं. एकदा शिकवणी सुरू केली की कॉम्प्युटर दिवसभर गुणगुणत बसायचा आणि मध्येच वीज गेली की सगळं शिकलेलं पुसलं जाऊन पुन्हा बिगरीपासून सुरुवात. आणि मुरबाडची वीज ती. शेवटी भावोजी वायरमनच्या घरी पेढे घेऊन गेले. "मुलगा परीक्षेला बसलाय," एवढंच ते म्हणाले. वायरमन हळवा निघाला. त्या आठवड्यात त्याच्या हातात होतं तेवढं त्याने केलं आणि शिकवणी पुरी झाली.

उत्तर आलं ते ऐकून सगळा कारखाना हसला. भावोजींची पद्धत अशी की एकेक माहिती झाकायची आणि विद्यार्थ्याचा अंदाज किती बिघडतो ते बघायचं. ज्याच्यावाचून त्याचं अडतं ते महत्त्वाचं. त्यांनी राळ झाकली, तो थोडा अडखळला. तेल झाकलं, फारसं काही झालं नाही. भावोजींचा मूड झाकला, तर जरा सुधारला. आणि 'वार' झाकल्याबरोबर तो पार वेडंवाकडं बोलायला लागला. म्हणजे रंग बरा टिकतो की लवकर उडतो हे रंगात काय घातलंय यापेक्षा तो कुठल्या वारी केला यावर ठरत होतं. आणि बरा वार एकच, मुरबाडच्या आठवडी बाजाराचा. भावोजी वर्षानुवर्षं फक्त कृतीच्या चुका शोधत होते. उशिरा उडालेले सगळे तुकडे बाजाराच्या दिवशीचे आहेत, हे त्यांना कधी दिसलं नव्हतं. मॅनेजर म्हणाला, आता डब्यावर मुहूर्त छापू या. हिशेबाच्या कारकुनाने हळदकुंकू वाहिल्याची आठवण करून दिली. मी स्वतः त्यांना समजवायला गेलो की यंत्राचं डोकं फिरलंय, हे आमटीसारखंच झालंय. भावोजी शांतपणे म्हणाले, "आमटीत त्याला मी चुकीचं शिकवलं होतं. इथे त्याला काहीतरी दिसलंय, जे मला दिसत नाही."

पुढच्या बाजारच्या दिवशी ते सकाळपासून लॅबमध्ये ठाण मांडून बसले. दुपारी माझं मुरबाडला काम होतं, म्हणून मीही डोकावलो, आणि दारातच थबकलो. आत सुक्या मासळीचा असा भपकारा होता की डोळ्यांना पाणी आलं. भावोजी मात्र त्या वासात बसून शांतपणे भुकटी मोजत होते. मी नाकाला रुमाल लावला तसे ते कौतुकाने म्हणाले, "मुंबईचे पाहुणेसुद्धा असंच करतात. रंगाच्या वासाची सवय लागते."

"भावोजी, हा रंगाचा वास नाही," मी म्हणालो, "हे बोंबील आहेत."

वासाच्या मागावर जाऊन मी विजेचं कपाट उघडलं. रंग लावलेले तुकडे वाळवायचं ते कपाट मागच्या खोलीत होतं आणि ते मदतनीसच सांभाळायचा. आत खालच्या फळीवर तुकडे नीट मांडलेले होते आणि वरच्या फळीवर सुकट, बोंबील, जवळा, कारखान्यातल्या झाडून सगळ्यांच्या पुरचुंड्या. लॅबमधला मदतनीस बारक्या, जो वयाने पन्नाशीचा होता, दारात येऊन कान पकडून उभा राहिला.

"काय करनार सायेब," तो म्हणाला, "गनपती गेलं तरी पाऊस हायेच. बाजारातून घेतलेली सुकट सांजपत्तुर सादलते, घरची बोंबलतात. तुमचं कपाट गरम, म्हनून सगली हितंच ठेवतात. पन तुमच्या आचंवर ती करपते. मंग मी आच बारीक करतो. निघताना परत होती तशी करून जातो."

भावोजी उठले. मला वाटलं, आता बारक्याची धडगत नाही. त्यांनी त्याचे दोन्ही खांदे धरले आणि विचारलं, "बारीक म्हणजे किती?"

बारक्याने बोट लावून दाखवलं. भावोजींनी तिथल्या तिथे खाली बसकण मारली. कडक आचेवर रंगाला वरून झटपट साय धरत होती आणि आतलं थिनर आतच कोंडून राहत होतं. पुढे पावसात तेच फोड होऊन वर येत होतं. बाजारच्या दिवशी बोंबलांच्या मेहेरबानीने रंग सावकाश वाळत होता. दोष कृतीत शोधत आयुष्य गेलं आणि तो होता घाईत. लोकांच्या छपरावर ऊनही तसंच कडक, तिथे मंद आचेचं कपाट कुठून नेणार, म्हणून भावोजींनी उशिरा उडून जाणारं थिनर घालून रंगच संथ वाळेल असा करायचं ठरवलं. विद्यार्थ्याला विचारून निवडक चार डबे केले. पावसाआधी कारखान्याच्या शेडवर आणि नेहमीच्या तुकड्यांवर ते लावले, आणि गणपतीनंतर शेठ आले तेव्हा त्यातल्या एका पट्ट्यावर एकही फोड नव्हता. शेठनी शिडीवर चढून, बोटाने चोळून खात्री केली. लॅब वाचली. त्या दिवशी भावोजींनी पहिल्यांदाच पास झालेला तुकडा घरी आणला आणि ताईने तो देवाजवळ ठेवला. बारक्याला बाजारच्या दिवशी वरची फळी कायमची राखून मिळाली.

ही गोष्ट इथे थांबवता आली असती तर मला बरं वाटलं असतं. पुढची काही वर्षं विद्यार्थ्याने धडाक्यात रंग सुचवले. दारांचे, ग्रिलचे, पाण्याच्या टाक्यांचे. आणि त्यातूनच शेठच्या मनात आलं की सगळं जर यंत्राला येतंय, तर ते मुरबाडलाच कशाला हवं? दूर परराज्यात त्यांचा नवा मोठा कारखाना होत होता. लॅब तिकडे हलली. भावोजींना हार घातला, शाल दिली, "आप का दिमाग तो इस में आ गया, अब आराम करो," असं शेठ म्हणाले, आणि ते अगदी मनापासून म्हणाले, हे सगळ्यात वाईट. भावोजींनी कॉम्प्युटर ताईच्या गोधडीत स्वतः गुंडाळला. टेम्पो सुटल्यावर ते स्कूटरवरून त्याच्यामागे हायवेच्या नाक्यापर्यंत गेले. तिथे ड्रायव्हरला थांबवून खड्ड्यांत सांभाळून ने म्हणून सांगितलं आणि परत आले.

सुरुवातीला नव्या लॅबमधून फोन यायचे. तिथली तरुण केमिस्ट मुलगी अडून अडून विचारायची, "सर, इथे 'वार' असं आहे, पण आमच्याकडे बाजार भरत नाही. काय भरू? आणि हे 'साहेबांचा मूड' कोणाचा भरायचा?" भावोजी खुर्ची ओढून, पाय वर घेऊन तासतासभर समजावत. त्या दिवशी मग जेवणात ते ताईला दहा प्रश्न विचारत आणि ताई लटक्या रागाने उत्तरं देई. मग फोन कमी झाले. मग सणासुदीला यायला लागले. मग तेही थांबले. तिकडे सगळं सुरळीत चाललं होतं, म्हणजे विचारण्यासारखं काही उरलं नव्हतं. भावोजी दुपारची झोपसुद्धा फोनजवळ खुर्चीतच काढतात, असं ताईने मला सांगितलं तेव्हा मला फार वाईट वाटलं.

म्हणून मी त्यांना वाशिंदहून फोन केला आणि म्हटलं, भावोजी, माझ्या लोखंडी गेटला कुठला रंग लावू? त्यांनी मला इतके प्रश्न विचारले की गेट करणाऱ्या फॅब्रिकेटरलाही त्यांची उत्तरं आली नसती. दुसऱ्याच दिवशी ते डबे घेऊन हजर झाले. स्वतः घासलं, स्वतः रंगवलं, आणि पूर्ण वाळेपर्यंत कुणी हात लावायचा नाही अशी ताकीद दिली. संथ वाळणारा रंग. गेट कित्येक दिवस सताड उघडं राहिलं, गल्लीतल्या शेळ्यांनी माझी जास्वंद संपवली, पण कुणी गेटला हात लावला नाही.

तेव्हापासून दर वर्षी गणपती गेले की भावोजी माझं गेट तपासायला येतात. चष्मा कपाळावर सरकवून, उकिडवे बसून, खालपासून वरपर्यंत हात फिरवतात. कुठेही फोड नसतो, कुठेही सालपट निघालेलं नसतं. "टिकलाय," मी म्हणतो. "टिकलाय खरा," ते म्हणतात आणि मग विचारण्यासारखं काही न उरल्याने पुन्हा एकदा खालपासून हात फिरवतात. चहा पितात आणि जातात. गेल्या वर्षी तर चहाही पुरता प्यायले नाहीत. यंदा गणपती विसर्जन झाल्यावर मी हळूच बाहेर गेलो, एक मोठा खिळा घेतला आणि गेटचा खालचा कोपरा चांगला खरवडून ठेवला.